यादीत न घातलेलं नाव

चैत्र लागला की माझं डोकं फिरतं. करंजाच्या झाडांना फुलं येतात, ती गळतात, गाड्यांच्या चाकांखाली चिरडली जातात, आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या रस्त्यावर त्यांचा मळकट, गोडसर वासाचा थर बसतो. लोकांना हा वास आवडतो म्हणे. मी नाकाला पदर लावून जाते. दुपारी चारनंतर खाडीवरून वारा सुटतो तो अंगाला चिकटतो, आणि कळंबोलीकडून येणाऱ्या धुळीत लोखंडाचा चुरा असतो की काय कोण जाणे, गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की बोट तांबूस होतं. या दिवसांत करवंदं येतात, ताडगोळे येतात, कैऱ्या येतात. मला यातलं काहीच नको असतं.

गेल्या आठवड्यात सुनंदा येऊन गेली. सुनंदा आमच्या भागातली आशा सेविका. पस्तिशीची असेल. खांद्याला जड पिशवी, हातात रजिस्टर, घामाने मानेला चिकटलेले केस. क्षयरोगाची लस घेतलेल्या मोठ्या माणसांची अधूनमधून चौकशी करायची असते, म्हणून ती येते. बसा म्हटलं तरी उभीच राहते. "खोकला? ताप? वजन कमी झालंय? रात्री घाम?" मी नाही, नाही म्हणत जाते, ती टिका मारत जाते. पाणी दिलं तर म्हणते, "बाटली आहे माझ्याकडे." दोन वर्षं झाली, माझ्या घरचं पाणी ती प्यायलेली नाही. तिचं बरोबर आहे.

ही लस आली त्याच्या दीड वर्ष आधी, म्हणजे त्या दिवाळीपासून, माझे यजमान श्रीधर खोकत होते. पनवेलमध्ये कोण खोकत नाही? कुठे डोंगर फोडतायत, कुठे भराव टाकतायत, कुठे रस्ता उखडलाय. आम्ही धुळीची ॲलर्जी म्हणून सोडून दिलं. मग संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी मान बारीक झाली. मी विज्ञानाची शिक्षिका. क्षयरोग कसा पसरतो, त्यावरचे उपाय लिहा, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं परीक्षेत घातलेला आहे. अर्धं उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मार्क कापलेले आहेत. तरी माझ्या स्वतःच्या घरात, शेजारच्या उशीवर, ते उत्तर मला महिनोन् महिने दिसलं नाही. किंवा दिसलं आणि मी कूस बदलली.

थुंकी तपासली, एक्स-रे काढला, आणि डॉक्टरांनी समोर कागद ओढून विचारलं, "घरात कोण कोण असतं? रोज येणारं-जाणारं कुणी?"

"आम्ही दोघंच," मी म्हणाले.

श्रीधरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स बंद केली.

आमच्याकडे रोज सकाळी नऊ वाजता मंदा यायची. नेऱ्याच्या बाजूच्या एका गावातून शेअर रिक्षाने यायची, आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरी काम करायची. झाडू, फरशी, भांडी. अकरा वर्षं येत होती. धूळ नको म्हणून आमच्या बेडरूमच्या खिडक्या कायम लावलेल्या असायच्या, श्रीधर आत खोकत पडलेले असायचे, आणि मंदा त्यांच्या पलंगाखालून झाडू फिरवत, "काका, आल्याचा रस घ्या, मधात घ्या," असं बडबडत असायची. मी तिला विसरले नव्हते. डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसल्यावर ती मला लख्ख आठवली होती. पण तिला कळलं की बाकीच्या तीन घरांना कळणार, मग जिन्याला कळणार. नोकरीसाठी बाहेरगावी राहणाऱ्या धाकट्या लेकीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची माणसं चार दिवसांनी येणार होती. मी मनात गणित केलं आणि मंदाला त्यातून वजा केलं.

गोळ्या सुरू झाल्या. त्या मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. कुणी विचारलं तर साखरेच्या गोळ्या. लग्न झालं. श्रीधरांची मान भरली, औषधं पूर्ण झाली, आणि मला वाटलं, संपलं.

लस आली ती त्यानंतरच्या वैशाखात. लहानपणी सगळ्यांना टोचतात तीच, पण आता मोठ्यांना द्यायची होती. ज्यांना क्षय होऊन गेला, ज्यांच्या घरात तो होता, साठीच्या पुढचे, साखर असलेले, विडी-सिगारेट ओढणारे, फार बारीक असलेले. सुनंदा दारोदार फिरत होती. आमच्या मजल्यावर ती आली तेव्हा समोरच्या कामतवहिनी दारात उभ्या राहून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या.

"काकू, मोठ्यांच्या टीबीच्या लशीसाठी आलेय. तुमचं नाव यादीत वरच आहे. काकांचं पण."

एवढंच म्हणाली ती. आवाजही मोठा नव्हता. पण कामतवहिनींची हुज्जत थांबली आणि त्यांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"कसली यादी?" मी म्हणाले. "कुणाची यादी? साठीच्या पुढची आहे म्हणून ना?"

सुनंदाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. "हो, साठीच्या पुढच्यांची," ती लगेच म्हणाली. तिने मला वाचवलं. मी मात्र तिला म्हटलं, "असं दारात येऊन रोगांची नावं घ्यायला लाज नाही वाटत? चांगल्या वस्तीत फिरताय, एवढं तरी भान ठेवा." आणि दार लावलं. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत मी दाराला पाठ लावून उभी होते. मला तिचा भयंकर राग आला होता.

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. आमचा तळमजल्यावरचा हॉल एका सकाळपुरता लशीसाठी द्यावा असा अर्ज तिने केला होता. रविवारी सभा बोलावली. पंखे गरम हवा ढवळत होते, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना लोक चिकटत होते, कुणीतरी कोकम सरबत आणलं होतं. सुनंदाला माहिती द्यायला बोलावलं होतं. ती भिंतीपाशी उभी राहिली, तिला कुणी खुर्ची दिली नाही. साधंसरळ बोलली. म्हणाली, "ही लस मोठ्यांना किती उपयोगी पडते ते अजून बघतायत. मी खोटं सांगणार नाही. पण घेतलेली बरी, असं आम्हाला सांगितलंय. कुणावर जबरदस्ती नाही."

मी उठले. वर्गात बोलायची सवय असलेला माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो.

"आपल्या सोसायटीत क्षय कुणाला आहे?" मी म्हणाले. "इथे शिकलेली, स्वच्छ माणसं राहतात. हे काम वीटभट्टीवर करा, झोपड्यांत करा, जिथे रोग आहे तिथे करा. उद्या बाहेरची खोकणारी माणसं आपल्या हॉलमध्ये येऊन बसतील, त्याच खुर्च्यांवर आपली नातवंडं वाढदिवसाला बसणार आहेत. आणि उपयोग आहे की नाही हे यांनाच माहीत नाही. आपण काय उंदीर आहोत?"

टाळ्या वाजल्या. दुसऱ्या रांगेत श्रीधर बसले होते. हातातला सरबताचा ग्लास त्यांनी गुडघ्यावर धरला होता आणि ते ग्लासात बघत होते. टाळ्या संपेपर्यंत ते ग्लासातच बघत राहिले. ठराव एकमताने झाला. सुनंदाने आपले कागद गोळा केले, पिशवी खांद्याला लावली, आणि जाताना माझ्या जवळून गेली तेव्हा हळूच म्हणाली, "काकू, तुमचं गुपित माझ्याकडून कधी फुटणार नाही. पण हे तुम्ही बोलायला नको होतं."

घरी आल्यावर श्रीधरांनी पाय धुतले, टॉवेलने बोटांच्या बेचक्या पुसल्या. मग म्हणाले, "छान बोललीस."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या चाळीस वर्षांत भांडणं झाली, पण असं गप्प राहणं कधी नव्हतं. ते जेवायचे, ताट उचलायचे, गॅलरीत जाऊन बसायचे. पाचव्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि दुपारी रापलेले, घामाघूम परत आले. डाव्या दंडावर कापसाचा बोळा दाबलेला होता.

"कुठे गेला होतात?"

"नेऱ्याच्या रस्त्याला, अंगणवाडीत. तिथे लस देत होते."

"एवढ्या उन्हात? आणि त्या गर्दीत?"

"गर्दी बरी होती," ते म्हणाले. "भट्टीवरची माणसं होती, शेतावरच्या बाया होत्या. का घेताय म्हणून कुणी विचारलं नाही. एका म्हातारीने सरकून मला बाकावर जागा दिली."

तीन आठवड्यांनी त्यांच्या दंडावर पुळी आली. तशी ती येते, मग थोडी फुटते, खपली धरते, त्यावर काही लावायचं नसतं. श्रीधर जन्मात कधी बनियनवर खाली उतरलेले नाहीत. त्या उन्हाळ्यात ते रोज संध्याकाळी बिनबाह्यांचा बनियन घालून बदामाच्या झाडाखालच्या बाकावर बसायला लागले. डावा दंड रस्त्याच्या बाजूला. माणसं विचारायची, काका, हे काय झालं? ते शांतपणे सांगायचे, टीबीची लस घेतली. का हो, तुम्हाला कशाला? मला टीबी झाला होता. एवढंच. वॉचमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, सोसायटीच्या अध्यक्षांना सांगितलं. मी वरून गॅलरीतून बघायची. विचारणारा एक पाऊल मागे सरकायचा ते मला तिसऱ्या मजल्यावरून दिसायचं. आणि मग तो माणूस मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघायचा.

मी ओरडले त्यांच्यावर. "मला धडा शिकवताय का? सगळ्या गावासमोर माझी लाज काढताय?"

"तुझी कशी?" ते म्हणाले. "रोग मला झाला होता."

कॅरमचा अड्डा आमच्याकडे जमायचा तो दुसरीकडे गेला. कामतवहिनींनी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. लेकीच्या सासूबाईंचा फोन आला, तो मी कसा घेतला ते मला सांगवत नाही. या सगळ्याचा मला राग होता, आणि तो राग मी मोठ्या हौसेने सांभाळत होते, कारण तो असेपर्यंत दुसऱ्या गोष्टीकडे बघावं लागत नव्हतं.

ती गोष्ट एका सकाळी नऊ वाजता दार उघडून आत आली. मंदा. तिने चप्पल काढली नाही. कामतवहिनींकडे भांडी घासता घासता तिला कळलं होतं, हाताला साबण तसाच होता.

"बाई, काकांना टीबी व्हता?"

"बरे झालेत ते आता. केव्हाच."

"मी तेच इचारतेय. कवा व्हता? मी त्यांच्या पलंगाखाली झाडू मारत व्हते तवा?"

मी पुढे होऊन दार लोटून घेतलं.

"तवाच ना? आणि त्या गोल्या साखरेच्या म्हनून सांगितलंत मला. मी तुमाला दहा वेला बोलले, काकांचा खोकला चांगला नाय. तुमी माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोललात." तिला बोलता बोलता खोकला आला. तोंडावर पदर धरून ती वाकली. तो खोकला गेला दीड महिना माझ्या स्वयंपाकघरात होता. भांड्यांच्या पावडरीने येतो, असं ती म्हणायची आणि मी हो म्हणायचे.

"डॉक्टरांनी इचारलं नाय, घरात कोन कोन येतं म्हनून?" सावरल्यावर तिने विचारलं.

आतल्या खोलीच्या दारात श्रीधर येऊन उभे राहिले होते. आता खोटं बोलायला जागाच नव्हती.

"विचारलं होतं," मी म्हणाले. "मी तुझं नाव नाही सांगितलं."

मंदाने माझ्याकडे जे पाहिलं त्याचं मी वर्णन करणार नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने ओल्या हातांनी पदर खोचला आणि म्हणाली, "अकरा वर्सं." मग जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीच्या घरीही ती येत नव्हती. फोन उचलत नव्हती. सुनंदाला विचारलं तर ती म्हणाली, "कुणाचं काय आहे ते मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

आठवड्याने मी रिक्षा करून मंदाच्या गावी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डोंगराच्या पायथ्याशी गाव, भाजावळ करून काळी केलेली शेतं, मधेच एखादं फार्महाऊस, त्याच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या कागदी फुलांच्या वेली. हवा जळक्या पाचोळ्याच्या वासाने भरलेली. मंदा ओटीवर बसून चिंचा फोडत होती. मला बघून उठली नाही. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. मी अंगणात उन्हात उभी राहिले. मला खुर्ची कुणी दिली नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि हॉलची ती भिंतही आठवली.

"तपासलंस का?" मी विचारलं.

"सुनंदाताई घेऊन गेली. निघाला." चिंचोका तिने टोपलीत टाकला. "गोल्या चालू हायत. सा म्हैने. घरातल्या सगल्यांना तपासलं, देवाच्या किरपेनं बाकी कोनाला नाय."

"मंदा, माझं..."

"नका बोलू. तुमी बोललात का मला आनखी राग येतो."

तिचा आजार आमच्याच घरातून गेला हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं, कुठूनही येऊ शकतो, शेअर रिक्षातून, कुठूनही. हे वाक्य मी बरेच दिवस जवळ बाळगलं. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिचं नाव सांगितलं असतं तर तिची तपासणी तेव्हाच झाली असती, औषध मिळालं असतं, कदाचित हे घडलंच नसतं. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

औषधाला, दुधा-अंड्याला म्हणून मी पाकीट नेलं होतं. ते बाहेर काढायच्या आत ती म्हणाली, "ते ठेवा आत. माझं एकच काम करा. डॉक्टर बोललेत, म्हैन्याभरानं कामाला जायला हरकत नाय, मग कोनाला लागत नाय. मी बाकीच्या घरी जानार हाय. तितं कोनाला बोलू नका. कललं का माझं काम जाईल." थोडं थांबून ती म्हणाली, "गप राहायला तुमाला चांगलं जमतं. आता माझ्यासाठी राहा."

परत येताना मी रिक्षावाल्याला अंगणवाडीपाशी थांबायला सांगितलं. त्या दिवशी तिथे लशीचं सत्र होतं. सुनंदा टेबलापाशी नावं लिहीत होती. मला बघून तिने फॉर्म पुढे केला, सगळे प्रश्न विचारले, सही घेतली. सिस्टरने सुई टोचली तेव्हा मी दात आवळले. कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. सुनंदा एवढंच म्हणाली, "चोळू नका," आणि पुढचं नाव पुकारलं.

मंदा बरी झाली. सहा महिने तिने एकही गोळी चुकवली नाही, हे मला श्रीधरांकडून कळलं. ते अधूनमधून तिच्या गावी जायचे, त्यांना ओटीवर चहा मिळायचा. महिन्याभराने ती पुन्हा बिल्डिंगमध्ये येऊ लागली, कामतवहिनींकडे आणि वरच्या दोन घरी. आमच्या दारावरून ती तशीच पुढे जाते. आमची लादी मी पुसते. गुडघे दुखतात, दुखू देत. सेक्रेटरीपद मी सोडलं. नव्या कमिटीने पुढच्या वेळी हॉल दिला की नाही, ते मी विचारायला गेले नाही.

गेल्या वर्षी कामतवहिनींनी जिन्यात मला गाठलं. "काय हो, मंदाने तुमचंच काम का सोडलं? आणि मधे महिनाभर कुठे गायब होती ती? काही होतं की काय तिला?"

त्यांचं दार उघडं होतं. आत नळाखाली भांडी वाजत होती.

"तिला काही नव्हतं," मी म्हणाले. "मीच तिला चोरीचा आळ घेऊन नाही नाही ते बोलले. खोटा आळ होता. तोंड आहे माझं वाईट. महिनाभर डोक्यात राख घालून घरी बसली होती बिचारी."

दोन दिवसांत ते सगळ्या बिल्डिंगला कळलं. आता माझी ख्याती अशी आहे की ही बाई गरिबांवर चोरीचे आळ घेते, हिच्याकडे कुणी टिकत नाही. तीन नव्या कामवाल्या दारापर्यंत येऊन परत गेल्या. श्रीधर मला म्हणाले, "हे कुठून काढलंस?" मी म्हटलं, "सुचलं."

त्यानंतर काही दिवसांनी मी भाजी घेऊन जिना चढत होते आणि मंदा उतरत होती. आमचं काम सोडल्यापासून पहिल्यांदा ती थांबली. तिची तब्येत सुधारली होती, गालांवर मांस आलं होतं. पिशवी या हातातून त्या हातात घेत तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"ऐकलं मी, तुमी वहिनींना काय बोललात ते."

मी कठडा धरून उभी राहिले.

"तेवड्यानं काय व्हत नाय, बाई," ती म्हणाली, आणि मला वाट देण्यासाठी भिंतीकडे न सरकता, मधूनच, एकेक पायरी उतरत खाली गेली.